थायो नसलेल्या बाटल्या: शिकता शिकता नोकरी आणि प्रोजेक्ट करणाऱ्या एका विद्यार्थिनीचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाशिकमधल्या एका कॉलेजच्या मायक्रोबायॉलॉजी विभागात घडलेली ही गोष्ट आहे. विद्यार्थिनी तेव्हा टीवायला, म्हणजे पदवीच्या तिसऱ्या वर्षाला होती आणि मी तिची प्रोजेक्ट गाइड. तिच्या परवानगीनं लिहिते आहे. तिचं, गावांचं, कॉलेजचं आणि ती जिथं काम करत होती त्या लॅबचं नाव दिलेलं नाही. ओळख पटेल असे एकदोन तपशील बदललेत. माझ्या चुका मात्र आहेत तशाच ठेवल्यात.

ती निफाड तालुक्यातल्या एका गावची. घरी दोन एकर द्राक्षबाग, वडील आणि चुलते मिळून बघतात. ती रोज एसटीनं जाऊन-येऊन करायची. महिलांना अर्धं तिकीट झाल्यापासून प्रवासाचा भार हलका झाला होता, पण वेळ तेवढाच जायचा: सकाळी पावणेसहाला घर सोडायचं आणि संध्याकाळी द्वारका सर्कलच्या कोंडीतून सुटलं की घरी पोचायला आठ.

आता नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन-जॉब ट्रेनिंगला क्रेडिट मिळतात. ही मुलगी त्याआधीच्या अभ्यासक्रमातली. तिला बाहेर काम करायची सक्ती नव्हती आणि केलं तर त्याची दखल घेणारा रकानाही नव्हता. तरी तिला दोन्ही हवं होतं, कामाचा अनुभव आणि संशोधनाचा. कारण तिनं पहिल्याच भेटीत सरळ सांगितलं होतं, "मॅडम, मार्क सगळ्यांनाच पडतात. मला विचारलं की तू काय केलंयस, तर सांगायला काहीतरी पाहिजे."

प्रोजेक्टचा विषय तिनंच आणला. तिच्या परिसरातल्या सात गावांमधलं पिण्याचं पाणी, पावसाळ्यात. ग्रामपंचायतीच्या नळाचं पाणी आणि काही खासगी बोअर, जिवाणूंच्या दृष्टीनं कितपत सुरक्षित, हे एमपीएन पद्धतीनं (पाण्यात अंदाजे किती जिवाणू आहेत ते नळ्यांवरून काढायची पद्धत) बघायचं. विषय साधा, पण घरचा. आविष्कार या विद्यापीठांमधल्या संशोधन स्पर्धेत पदवीच्या मुलांचा गट वेगळा असतो, तिथं मांडावा असं ठरलं. ही स्पर्धा २००६ पासून राज्यात भरते. आमच्या विभागातून दरवर्षी एखादं पोस्टर जातं, बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत परत येतं.

अडचण

जुलैच्या शेवटी तिला सातपूर भागातल्या एका खासगी पाणी-माती तपासणी लॅबमधून बोलावणं आलं. आमचीच एक माजी विद्यार्थिनी तिथं होती, तिनं नाव सुचवलं. गुरुवार, शुक्रवार, शनिवार, दुपारी एक ते सहा. महिना चार हजार रुपये. हुद्दा 'ट्रेनी'. नेमणुकीचं पत्र नाही, काम काय ते "आल्यावर बघू".

चार हजार ही रक्कम तिच्या घरी किरकोळ नव्हती. प्रश्न तीन होते आणि ते एकमेकांत अडकलेले होते. पंचाहत्तर टक्के हजेरी सांभाळायची होती. प्रोजेक्टचे नमुने सोमवारी सकाळी गावातून भरून आणून त्याच दिवशी लावायचे होते. आणि ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांना (अंकुरांच्या जागांना) पेस्ट लावायची घाई असते, मजूर मिळत नाहीत, घरातला प्रत्येक हात लागतो. चौथा प्रश्न तिनं बोलून दाखवला नाही, मला नंतर कळला: घरी वडील विचारत होते, पोरगी शिकते आहे की नोकरी करते आहे?

समोरचे पर्याय

आम्ही एका कागदावर आठवडा मांडला. तो कागद माझ्याकडे अजून आहे. त्यात झोपेला साडेपाच तास आले होते आणि ते बघून मी तिला लॅब नको म्हणायच्या बेतात होते.

दुसरा पर्याय कॉलेजातच होता. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजना, कर्मवीर भाऊराव पाटलांच्या नावाची. तासावर पैसे मिळतात, काम आवारातच. आमच्या विभागात काचेची भांडी धुणं, मीडिया (जिवाणू वाढवायचं खाद्य) बनवणं, ऑटोक्लेव्ह (दाबाखालच्या वाफेनं निर्जंतुक करणारं यंत्र) लावणं अशी कामं मुलं या योजनेतून करतात. प्रवास वाचला असता, हजेरीचा धोका नव्हता. मला हाच पर्याय पटत होता. तिला नाही. "इथलं सगळं मला माहितीये मॅडम. बाहेर कसं करतात ते बघायचंय." त्यावेळी मला हे तरुण मुलांचं नेहमीचं बोलणं वाटलं. पुढं सगळं प्रकरण या एका वाक्यावर फिरलं.

तिसरा पर्याय उन्हाळी फेलोशिपचा. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दरवर्षी देतात, दोन महिने एखाद्या संशोधन संस्थेत मार्गदर्शकाच्या हाताखाली काम. अनुभव म्हणून याला तोड नाही. पण अर्ज कितीतरी महिने आधी करावा लागतो, सोबत शिक्षकांचं शिफारसपत्र आणि स्वतः लिहिलेलं टिपण लागतं. तिनं हा अर्ज एसवायला असताना करायला हवा होता. तेव्हा तिला कुणी सांगितलं नाही, म्हणजे मी सांगितलं नाही. आमच्याकडं ही माहिती नोटीस बोर्डावर लागते आणि एसटी गाठायला पळणारी मुलं नोटीस बोर्डापुढं थांबत नाहीत.

चौथा, काहीच न करता अभ्यास करणं. हा पर्याय कागदावर लिहिलाच नव्हता. लिहायला हवा होता.

शेवटी लॅब आणि प्रोजेक्ट दोन्ही, असं ठरलं. तीन अटी घातल्या. सेमिस्टरच्या परीक्षेआधी दोन आठवडे लॅबला सुट्टी. हजेरी ऐंशीच्या खाली आली तर लॅब बंद. आणि संध्याकाळी सहानंतर थांबायचं नाही, कारण सातपूरहून सिटीलिंक (शहर बस) धरून द्वारकेला आणि तिथून निफाडकडची गाडी, हा हिशोब सहाच्या पुढं बसतच नव्हता. या अटी तिनं लॅबच्या पर्यवेक्षकांना तोंडी सांगितल्या. ते "हो हो" म्हणाले. आम्हाला तेवढं पुरलं.

पहिले दोन महिने

लॅबमध्ये तिच्या वाट्याला बाटल्या आल्या. धुवायच्या, वाळवायच्या, नमुन्याच्या बाटल्यांमध्ये मोजून एक द्रावण टाकायचं, झाकणावर ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळायची, ऑटोक्लेव्हला लावायच्या, बाहेर काढून तारखेची चिठ्ठी चिकटवायची. मग पुन्हा धुवायच्या. सप्टेंबरच्या मध्याला ती माझ्याकडं येऊन बसली आणि म्हणाली, "मॅडम, मी तिथं भांडी घासते." मी तिला समजावलं की सुरुवात अशीच असते. आतून मलाही वाटत होतं की 'कमवा आणि शिका' काय वाईट होतं.

प्रोजेक्ट मात्र छान चालला होता. दर सोमवारी पहाटे ती एखाद्या गावात जायची, सहाच्या सुमाराला नळ सुटला की बाटली भरायची. थर्माकोलच्या खोक्यात बर्फ. साडेआठला कॉलेज. लेक्चरं संपेपर्यंत खोकं फ्रीजमध्ये, दुपारी तीनला प्रॅक्टिकलच्या वेळेत मॅकॉन्की ब्रॉथच्या (जिवाणू वाढवायच्या द्रव खाद्याच्या) नळ्यांमध्ये लावायचं, दोन दिवस इनक्युबेटरमध्ये ठेवून डरहॅम ट्यूबमध्ये (आतल्या उलट्या छोट्या नळीत) गॅस, म्हणजे दूषितपणाची खूण, दिसतो का ते बघायचं. ऑगस्ट-सप्टेंबर मिळून २२ नमुने झाले. १९ ग्रामपंचायतीच्या नळाचे, ३ खासगी बोअरचे.

निकाल बघून आम्ही दोघी खूश झालो. नळाचे सगळे १९ नमुने निर्दोष. बोअरचे तिन्ही दूषित. मी तर मसुद्यात वाक्यसुद्धा लिहून दिलं की ग्रामपंचायतीचं क्लोरिन टाकलेलं पाणी खासगी बोअरपेक्षा सुरक्षित आढळलं. ऐन पावसाळा, जुन्या पाइपलाइनी, गटाराशेजारून गेलेले जोड, आणि १९ पैकी १९ स्वच्छ. हे वाचून माझ्यासारख्या इतकी वर्षं हा विषय शिकवणाऱ्या बाईला शंका यायला हवी होती. मला आनंद झाला, कारण उत्तर सुबक होतं.

निर्णयाची पहिली जागा: एकोणीस नमुने

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातल्या शुक्रवारी लॅबमध्ये एका सोसायटीचा माणूस पाण्याचा नमुना घेऊन आला. स्वतःच्या बाटलीत, स्वच्छ उकळून घेतलेल्या. तिथल्या सीनियर टेक्निशियन ताईंनी नमुना घेतला नाही. "यात थायो नाही. टाकीत क्लोरिन आहे ना? मग आमची बाटली घेऊन जा आणि परत भरून आणा."

ती दोन महिने शेकडो बाटल्यांमध्ये हे 'थायो' टाकत होती. का टाकतात हे तिनं विचारलं नव्हतं आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं.

थायो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. क्लोरिन टाकलेलं पाणी बाटलीत भरलं तरी त्यातला शिल्लक क्लोरिन काम करत राहतो. बाटली लॅबपर्यंत पोचेस्तोवर तो जिवाणू मारत जातो आणि नळाच्या तोंडाशी जे पाणी होतं त्यापेक्षा कितीतरी स्वच्छ पाणी आपण तपासतो. थायोसल्फेट तो क्लोरिन तिथल्या तिथं निष्प्रभ करतं. पिण्याच्या पाण्यासाठी १२० मिलीच्या बाटलीत तीन टक्के द्रावणाचे ०.१ मिली, म्हणजे जेमतेम दोन थेंब, निर्जंतुक करण्याआधी टाकले की काम होतं. (जुनी माणसं त्याला हायपो म्हणतात. हायपो म्हणजे काही जणांच्या तोंडी सोडियम हायपोक्लोराइटसुद्धा, म्हणजे बरोबर उलटं काम करणारं. आमच्या स्टोअरमध्ये दोन्हींच्या बाटल्यांवर नुसतं 'हायपो' लिहिलेलं होतं. आता नाही.)

आमच्या बाटल्यांत थायो नव्हतं. आमच्या प्रॅक्टिकलला वर्षानुवर्षं विहिरीचं नाहीतर गोदावरीचं पाणी आणतात, क्लोरिनचा संबंधच येत नाही, म्हणून विभागात ती सवयच नाही. सकाळी सहाला भरलेली बाटली दुपारी तीनला नळीत जात होती. नऊ तास. त्यात गावाकडं टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) कशी टाकतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. पाणी सोडायच्या जरा आधी बादलीत कालवून टाकीत ओततात. क्लोरिनला काम करायला निदान अर्धा तास मिळायला हवा, तो टाकीत मिळतच नाही. उरलेलं काम तो आमच्या बाटलीत करत होता.

शनिवारी लॅब संपवून ती थेट माझ्या घरी आली. पंचवटीतल्या माझ्या घरी ती पहिल्यांदाच येत होती. चहा तसाच ठेवून म्हणाली, "मॅडम, आपले एकोणीस गेले."

मी पहिल्यांदा काय केलं ते लिहिते, कारण प्रकरण अभ्यासात हेच बहुधा गाळलं जातं. मी पळवाट शोधली. मर्यादांच्या परिच्छेदात एक वाक्य टाकू, म्हटलं, की नमुन्यांत थायोसल्फेट वापरलेलं नव्हतं. तांत्रिकदृष्ट्या ते खोटं नव्हतं. परीक्षकांनी विचारलंही नसतं. पण ही मर्यादा नव्हतीच, निकालाचं मूळच तिथं होतं. पाणी स्वच्छ होतं की बाटलीत स्वच्छ झालं, हे त्या १९ आकड्यांवरून सांगताच येत नाही. ग्रामपंचायतीचं पाणी खरंच चांगलं असेलही. आमच्याकडं त्याचा पुरावा नव्हता एवढंच.

ती ऐकत होती, मग तिनं विचारलं, "तुम्ही परीक्षक असता तर चाललं असतं?"

१९ नमुने बाद केले. तीन बोअरचे राहिले, त्यांना थायोची गरज नव्हती.

निर्णयाची दुसरी जागा: लॅबची फाइल

आता कॉलेजच्या अंतर्गत निवडीला सहा आठवडे उरले होते. पावसाळा संपला होता, म्हणजे मूळ प्रश्न 'पावसाळ्यातलं पाणी' हा पुढच्या जूनपर्यंत मेला होता.

सोमवारी ती वेगळाच उपाय घेऊन आली. लॅबमध्ये दोन वर्षांचे अहवाल कॉम्प्युटरवर आहेत. त्यात याच तालुक्यातल्या ग्रामपंचायतींचे पावसाळ्यातले नमुने आहेत, नीट थायोच्या बाटल्यांमध्ये घेतलेले. पर्यवेक्षकांना विचारलं तर ते म्हणाले, "घे ना. नावं काढून टाक म्हणजे झालं."

मला हे फार आवडलं. खरंच. अनुभव आणि संशोधन एकमेकांना जोडले जाण्याचं याहून चांगलं उदाहरण काय, असं मी स्टाफरूममध्ये सांगितलंसुद्धा. तिथं रसायनशास्त्राचे एक ज्येष्ठ सर डबा खात होते. त्यांनी मान वर न करता विचारलं, "नमुने कुणाचे?"

लॅबचे.

"लॅबचे कसे? पैसे कुणी दिले?"

ग्रामपंचायतींनी. म्हणजे अहवाल त्यांचा. आयएसओ/आयईसी १७०२५ या तपासणी लॅबसाठीच्या मानकाखाली मान्यता असलेल्या लॅबवर ग्राहकाची माहिती गुप्त ठेवायचं बंधन असतं, आणि पर्यवेक्षकाला ते तोंडी माफ करता येत नाही. तालुक्यातल्या सात गावांच्या यादीतून नावं काढली तरी कोणतं गाव कोणतं हे निफाडच्या कुठल्याही माणसाला पाच मिनिटांत कळलं असतं. आणि तिनं त्या फाइलला हात लावला असता तर ट्रेनी म्हणून मिळालेल्या प्रवेशाचा वापर तिनं स्वतःच्या कामासाठी केला असता. उद्या काही झालं तर पर्यवेक्षक "मी असं म्हणालोच नाही" म्हणाले असते, आणि तिच्याकडं नेमणुकीचं पत्रही नव्हतं.

आम्ही विभागाच्या लेटरहेडवर लॅबच्या मालकांना पत्र दिलं. काय हवं आहे, कशासाठी, कुठं मांडणार, ग्राहकांची परवानगी कशी घेता येईल. पाच दिवसांनी उत्तर आलं, दोन ओळींचं. देता येणार नाही.

याची किंमत तिनं मोजली, मी नाही. पर्यवेक्षकांना वाटलं की तिनं त्यांची तक्रार वर केली. पुढचा महिनाभर तिला बाटल्यांच्या पलीकडं काही दिलं गेलं नाही. आदल्याच आठवड्यात तिला एमपीएनच्या नळ्या वाचायला शेजारी बसवायला लागले होते, ते थांबलं. पत्र पाठवण्याआधी तिनं पर्यवेक्षकांशी बोलावं, त्यांना कारण सांगावं, हे मला सुचलं नाही. कॉलेजमध्ये पत्र म्हणजे शिष्टाचार. बाहेर पत्र म्हणजे तक्रार.

प्रश्नच बदलला

उरलेल्या पाच आठवड्यांत काय होऊ शकतं? तिनंच मांडलं: चूक हाच विषय करू. एकाच नळाखाली एकाच वेळी दोन बाटल्या भरायच्या. एकीत थायो, दुसरीत नाही. जागेवर ओटी टेस्टनं (ऑर्थोटोलिडिन टाकून पिवळा रंग येतो का ते बघायची चाचणी) शिल्लक क्लोरिन बघायचा. दोन्ही बाटल्या त्याच खोक्यात, त्याच वेळी लावायच्या. मग फरक दिसला तर तो बाटलीचाच.

थायोचं द्रावण आमच्या स्टोअरमधल्या पावडरीपासून तिनं स्वतः बनवलं. लॅबमध्ये दोन महिने जे हात आपोआप करत होते ते आता तिला का करायचं ते माहीत होतं. विभागातल्या दोन एसवायच्या मुलांना तिनं शिकवलंही, आणि शिकवताना मोजमापाची एक चूक सापडली, ती दुरुस्त केली.

दिवाळी, छाटणी आणि परीक्षा यांच्या फटीतून आठ नळ झाले. आणखी चार ठरवले होते, पण त्या सोमवारी घरी बागेत पेस्ट लावायची होती आणि तिनं कळवलं की येत नाही. मी रागावले. नंतर लक्षात आलं की जुलैच्या कागदावर छाटणी आम्ही लिहिली होती, फक्त तिला दिवस दिले नव्हते.

आठपैकी तीन ठिकाणी थायोच्या बाटलीत कोलिफॉर्म (दूषित पाण्याची खूण मानले जाणारे जिवाणू) दिसले आणि बिनथायोच्या बाटलीत काहीच नाही. या तिन्ही ठिकाणी ओटीला गडद पिवळा रंग आला होता, म्हणजे टीसीएल नुकतीच पडलेली. उरलेल्या पाच ठिकाणी दोन्ही बाटल्या स्वच्छ. आठ नळांवरून तालुक्याबद्दल काही म्हणता येत नाही आणि तिनं म्हटलंही नाही. भारतीय मानक आयएस १०५००:२०१२ नुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलीत ई. कोलाय (विष्ठेतून येणारा कोलिफॉर्म) आढळता कामा नये. शिल्लक क्लोरिन ०.२ मिलिग्रॅम प्रति लिटर तरी असावा. तिचं म्हणणं एवढंच होतं की दुसरा आकडा चांगला असताना चुकीची बाटली पहिल्याबद्दल फसवू शकते.

निकाल

कॉलेजमधून पोस्टर निवडलं गेलं. पुढच्या फेरीत एका परीक्षकांनी विचारलं, "मग गावचं पाणी पिण्यालायक आहे का?" ती म्हणाली, "सर, आठ नळांवरून मी नाही सांगू शकत." पोस्टर तिथंच थांबलं. शेजारच्या पोस्टरवर खूप मोठे आकडे होते.

हजेरी ७८ वर आली होती. आमच्या अटीप्रमाणे लॅब बंद व्हायला हवी होती. मी डोळेझाक केली. पाचव्या सेमिस्टरला एका थिअरी पेपरात तिला नेहमीपेक्षा बरेच कमी मार्क पडले. सहावं सेमिस्टर सुरू झाल्यावर फेब्रुवारीत तिनं लॅब सोडली.

सोडताना अनुभवाच्या दाखल्याचा प्रश्न आला. लॅबनं, बहुधा चांगल्या मनानं, 'विश्लेषक म्हणून पाण्याच्या सूक्ष्मजीव तपासणीचे काम केले' असं लिहून दिलं. ती मला दाखवायला आली तेव्हा तिचा चेहरा फुललेला होता. मी विचारलं, यातलं तू काय केलंस? बराच वेळ गेला. "असू दे ना मॅडम, सगळे असंच घेतात." आमचं त्या दिवशी काही ठरलं नाही. आठवड्यानं ती स्वतःच लॅबमध्ये गेली आणि दाखला बदलून आणला: नमुना बाटल्या व काचसामान तयार करणे, निर्जंतुकीकरण, नमुन्यांची नोंद, एमपीएन चाचणीचे निरीक्षण. का बदललास म्हणून विचारलं तर म्हणाली, मुलाखतीत कुणी नळ्या वाचायला दिल्या तर?

एमएस्सीच्या प्रवेशाच्या वेळी तिला नेमकं काचसामानाबद्दलच विचारलं गेलं. त्यावर ती वीस मिनिटं बोलली म्हणे. प्रवेश मिळाला तो बहुतांशी मार्कांवर. हे दोन्ही खरं आहे, आणि दुसऱ्याचं श्रेय पहिल्याला देण्याचा मोह मी टाळते आहे.

काय वेगळं करता आलं असतं

नमुना घेण्याची योजना मी सही करून दिली होती. त्यावर बाटलीबद्दल एक ओळसुद्धा नव्हती. पहिल्याच सोमवारी दोन नमुने लावून थांबलो असतो, ते एखाद्या जाणकाराला दाखवले असते, तर १९ वाया गेले नसते. तो जाणकार तिच्या लॅबमध्ये आठवड्यातले तीन दिवस तिच्या शेजारी उभा होता. टेक्निशियन ताईंना "आमच्या प्रोजेक्टमध्ये असं असं करतोय, बरोबर आहे का?" एवढं विचारायला तिला संकोच वाटला, आणि मी तिला विचार म्हणाले नाही. नोकरी आणि प्रोजेक्ट या दोन वेगळ्या वह्या आहेत असंच आम्ही दोघी धरून चाललो होतो.

नेमणुकीचं साधं पत्र मागायला हवं होतं: काम काय, तास किती, परीक्षेची सुट्टी, लॅबमधली माहिती कुठं वापरायची नाही. मागितलं असतं तर कदाचित काम मिळालंच नसतं, हेही खरं. तरी मी आता मुलांना मागायला लावते. दोघांना मिळालं, एकाला नकार आला.

'कमवा आणि शिका' बरं होतं का, हा प्रश्न मला अजून पडतो. झोप मिळाली असती, तो पेपर चांगला गेला असता. आणि १९ निर्दोष नमुन्यांचं पोस्टर आम्ही दिमाखात लावलं असतं, कारण आमच्या विभागात थायो काय ते सांगणारं कुणी नव्हतं.

सगळ्यात अवघड भाग मी शेवटाकडं ढकलला आहे. सप्टेंबरमध्ये, निकाल आल्या आल्या, ती ज्या गावांत नमुने घ्यायला जायची तिथल्या जलसुरक्षकांना (गावचं पाणी सोडणं, टीसीएल टाकणं बघणाऱ्यांना) सांगून आली होती की पाणी चांगलं आहे. लेखी काही नव्हतं. बोलता बोलता सांगितलेलं. विचारणारच ना ते, पहाटे पहाटे बाटली घेऊन पोरगी येते तर. तिच्या स्वतःच्या गावात हे काम नात्यातले एक काका बघतात. त्यांनी ते ग्रामपंचायतीत सांगितलं होतं.

नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघी गेलो. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे तवा चांगलं म्हणाली ते खोटं व्हतं?" ती म्हणाली, "खोटं नव्हतं काका, माहीत नव्हतं." त्यांना हा फरक फारसा पटलेला दिसला नाही. पण टीसीएल कधी टाकता हे विचारल्यावर त्यांनी टाकी दाखवली, आणि आता ते पाणी सोडायच्या अर्धा-पाऊण तास आधी पावडर टाकतात, त्यासाठी पहाटे लवकर उठावं लागतं म्हणून माझ्यावर थोडे नाराज असतात.

सातपैकी पाच गावांत जाऊन सांगून झालं. एका गावात माणूस बदलला आहे, दुसऱ्या गावातला फोन लागत नाही. ते दोन बाकी आहेत.